हरिपूरच्या पेवातला आवाज: अकरा मिनिटांच्या थरारपटाच्या प्रकल्प नोंदी

आधी थोडक्यात. फिल्म अकरा मिनिटांची, मोबाइलवर चित्रित केलेली. गोष्ट अशी: सांगलीजवळच्या हरिपुरात जुन्या घरात आजी एकटी, पावसाळ्यातली रात्र, परसात बंद पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, आणि त्या पेवातून ठकठक. दिग्दर्शक माझा शाळेपासूनचा मित्र. मी दिवसा सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि या फिल्मचा आवाज माझ्या गळ्यात पडला आहे. आपल्या भागात बसून कोणी असं काही करणार असेल तर त्याचे निदान दोन आठवडे वाचावेत, एवढ्यासाठी या नोंदी.

२१ जून

पहिला कट घरी दाखवला. सहा संध्याकाळी घालवून, फुकट मिळणारे चढते सूर आणि 'ढम्म' गोळा करून लावले होते. अकरापैकी नऊ मिनिटं काही ना काही वाजत होतं. ढम्म मोजले, चौदा.

आत्या तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "आता कोणतरी येणार बघ." आलं. पाचव्या मिनिटाला पुन्हा तेच. सातव्याला ती भाजी निवडायला लागली.

शेजारचे काका हौशी नाटकांना पार्श्वसंगीत द्यायचे, राज्य नाट्य स्पर्धेची कितीतरी वर्षं त्यांनी विंगेत काढली आहेत. ते शेवटपर्यंत बसले आणि जाताना म्हणाले, "लगा, चोर यायच्या आधीच तू ढोल बडवायला लागलास. मग माणूस दचकंल कशाला?"

रात्री सगळे ट्रॅक बंद करून नुसतं चित्र आणि संवाद पाहिले. नुसतं चित्र जास्त बरं वाटलं. सहा संध्याकाळी गेल्या.

२४ जून

संगीत बाजूला ठेवून संवाद लावायला घेतले तर ओठ आणि आवाज जुळेनात. टेकच्या सुरुवातीला बरोबर, चार मिनिटांनी अर्ध्या सेकंदाचा फरक. दोन दिवस रेकॉर्डरला शिव्या दिल्या. दोष मोबाइलचा निघाला: मोबाइल फ्रेम एकसारख्या वेगाने घेत नाही, अंधार-उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो. सगळ्या क्लिप हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढून सेकंदाला २५ फ्रेमवर स्थिर केल्या, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. एडिटला हात लावायच्या आधी हे करा. नंतर केलं तर एडिट पुन्हा करावं लागतं. आम्ही पुन्हा केलं.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एवढं ठरवून टाका आणि परत त्या मेनूत जाऊ नका.

२९ जून

आज काही रेकॉर्ड केलं नाही. रात्री नऊ ते अकरा त्या हरिपूरच्या घरात दिवे घालवून बसलो आणि कानावर पडेल ते वहीत लिहिलं. रातकिडे. बेडूक, दोन प्रकारचे, एक जाड आणि एक किरकिरा. पन्हाळीतलं पाणी. फ्रिजची घरघर. लांबून संगमेश्वराच्या देवळाच्या बाजूने कुत्रं. भिंतीवरचं घड्याळ, जे दिवसा ऐकूच येत नाही.

साडेदहाला लघवीला म्हणून परसात गेलो. दहा पावलं टाकली असतील, पेवाजवळचे बेडूक एकदम गप्प. लांबचे, नदीकडचे, चालूच. मी उभा राहिलो तसे मिनिटाभराने परत एक-एक सुरू झाले.

हे लहानपणापासून माहीत आहे, गावाकडच्या कुणालाही माहीत असतं. पण तिथे अंधारात उभं राहून उलट बाजूने विचार केला: आजी घरात आहे, बेडूक चालू आहेत, आणि ते मध्येच थांबले. मग परसात कोण आहे?

मित्राला तिथूनच फोन केला. तो म्हणाला, "झोप आता."

५ जुलै

तीन रात्री बेडकांवर गेल्या. रेकॉर्डर भाड्याचा, दिवसाला ५०० रुपये.

पहिली रात्र वाया. माइकला फेसाचं साधं टोपण होतं, नदीवरच्या वाऱ्याने सगळा आवाज फडफडला. भाचीचं जुनं केसाळ अस्वल कापून टोपडं शिवलं. ते चाललं. अस्वलाबद्दल घरात अजून बोलणी खातोय.

दुसरी रात्रही वाया. पावसात रेकॉर्डर भिजू नये म्हणून वर प्लास्टिक बांधलं आणि दोन तास प्लास्टिकवरचा पाऊस रेकॉर्ड केला. प्लास्टिकवर जुना टॉवेल चार घड्या करून टाकायचा, थेंब मुका पडतो.

तिसऱ्या रात्री जमलं. लेव्हल अशी ठेवली की सगळ्यात मोठा डरावसुद्धा उणे १२ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर जाऊ नये. शिवाय बेडूक आणि रातकिडे वेगवेगळे घेतले, कारण नंतर एकाला थांबवून दुसऱ्याला चालू ठेवायचं होतं. रातकिड्यांसाठी नदीपासून दूर, पाठीमागच्या आळीत जावं लागलं. तिथल्या एका आजोबांनी विचारलं काय करतोयस. सांगितलं. त्यांनी बॅटरी तोंडावर मारून पुन्हा विचारलं.

७ जुलै

पेव. सांगली-हरिपूरच्या बाहेरच्यांसाठी: हळद साठवायला जमिनीत खणलेली खोल खड्ड्यासारखी जागा, तोंड अरुंद, पोट मोठं. इथल्या मातीत पाणी झिरपत नाही म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवं गेली. आम्हाला मिळालं ते रिकामं, बरीच वर्षं बंद.

घरमालक आजोबांनी झाकण काढायच्या आधीच बजावलं, "आत उतरू नगा. बंद पेवातली हवा मरतीया. खाली बसलेला माणूस उठत न्हाई." हे अतिशयोक्तीचं बोलणं नाही, अशा पेवात प्राणवायू कमी असतो आणि माणसं खरोखर गुदमरून गेली आहेत. कुणी याची नक्कल करणार असेल तर उतरू नका. आम्ही माइक आणि एक छोटा स्पीकर दोरीने सोडला. दोरी १८ फुटांवर टेकली.

मित्राच्या डोक्यात होतं की आत प्रचंड घुमेल, विहिरीसारखं. वरून फुगा फोडला. फट्. संपलं. तीस रुपयांचे फुगे फोडले, प्रत्येकाचं तेच. दगडी विहीर घुमते, पण मातीची भिंत आवाज पिते. उरला तो फक्त तळातला जाड गोळा, छातीला कळेल असा, तोही अर्ध्या सेकंदात विझणारा. मित्राचं तोंड उतरलं. परत येताना आयर्विन पुलावर गाडी थांबवून त्याने मला ऐकवलं की रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, तर कॉम्प्युटरवरही लावता येतो, मग एवढी पायपीट कशाला.

घरी दोन्ही लावून पाहिले. कॉम्प्युटरचा मोठा घुमारा लावला की ठकठक देवळातून आल्यासारखी वाटते, लांबची. फुग्याच्या फाइलवरून पेवाचा घुमारा काढून लावला की ठकठक मुकी होते, गोधडीखालून आल्यासारखी, आणि जवळ येते. इतकी जवळ की मी एकदा खुर्चीखाली पाहिलं. हेडफोन मित्राच्या कानाला लावले. काही बोलला नाही, दुसऱ्यांदा लाव म्हणाला.

११ जुलै

बेडूक थांबवायचा प्रसंग, फिल्मच्या पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर. तोवर तीन मिनिटं बेडूक-रातकिडे सलग चालू ठेवले, मुद्दाम किंचित मोठे. सवय लागायला तेवढा वेळ लागतो. एक मिनिट ठेवून पाहिलं होतं, तेव्हा थांबल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या प्रयत्नात सगळे ट्रॅक एका फ्रेमवर कापले. आईला दाखवलं. आई म्हणाली, "अरे, आवाज गेला बघ." तिने उठून लॅपटॉपची वायर हलवली.

म्हणजे पूर्ण शांतता म्हणजे बिघाड. मग असं केलं: आधी जवळचा जाड बेडूक थांबतो, डराव अर्धवट तोडून. पाऊण सेकंदाने किरकिरे. मग जवळचे रातकिडे दीड सेकंदात ओसरतात. नदीकडचे बेडूक चालूच राहतात, आधीपेक्षा चार डीबी कमी. खाली खोलीचा रिकामा आवाज राहतो, तो चित्रीकरणाच्या दिवशी सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं घेतला होता. तो घेतला नसता तर आज रडत बसलो असतो.

जे इतका वेळ झाकलं गेलं होतं ते आता वर येतं: घड्याळ. घड्याळाची पातळी मी वाढवलेली नाही. तरी तीन जणांनी विचारलं, इथे घड्याळ मोठं केलंस ना?

पुन्हा आईला दाखवलं. या वेळी वायरीला हात लावला नाही. म्हणाली, "दार लावलंय का आपलं?"

त्या रात्री संवादातली घरघरही सापडली, फ्रिजची, ५० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटी. काढायला जावं तर आजीचा आवाज पोकळ होतो. तीन ओळी पुन्हा बोलून घ्याव्या लागतील. चित्रीकरणाच्या वेळी फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो चालू करायला विसरून घरी जाता येत नाही. पुढच्या वेळी मी हेच करणार. एकदा बंद करून चालू करायला विसरलो आणि दोन लिटर दूध नासवलं होतं.

१५ जुलै

पावलं. चोर (तो चोर नाही, पण ते पडद्यावर बघा) परसातून चालतो तेव्हा जमिनीवर सांडलेली हळकुंडं आहेत. वाळलेलं हळकुंड खड्यासारखं कडक असतं, एकमेकांवर घासलं की दातावर दात आपटल्यासारखं वाजतं. दोन किलो आणली, ३६० रुपये. गोणपाटावर पसरली आणि चप्पल घालून वर चढणार इतक्यात आई आली.

"हळद आहे ती. पायाखाली घालायची नाही."

आवाजासाठी आहे, म्हटलं. फरक पडला नाही. शेवटी दुकानातून कोरी चपलेची जोडी आणली, कधी जमिनीला न लागलेली, ती हातात घातली आणि गुडघ्यावर बसून हातांनी चाललो. हे जास्त चांगलं निघालं. पायाने चालताना सगळं वजन एकदम पडतं, पण हाताने टाच आधी, मग चवडा, मग एकच हळकुंड दबून फुटायची वाट, असं ठरवून करता येतं. एका पावलाला सात सेकंद दिले आहेत.

हाड मोडल्याचा आवाज ऊस पिळगटून केला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आपल्याकडे ऊस कमी नाही.

२० जुलै

मिरज. संगीत अजिबात नको असं मी म्हणत होतो, मित्र ऐकेना. त्याचं म्हणणं, हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'चं अख्खं पार्श्वसंगीत बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यांवर केलं, आणि न्हाणीघरातल्या प्रसंगाला हिचकॉकला आधी संगीतच नको होतं, ऐकल्यावर त्याने मत बदललं. "तू हिचकॉकपेक्षा शहाणा का? आणि तंतुवाद्यं तर आपल्या दारात बनतात."

दुसऱ्या मुद्द्याला उत्तर नव्हतं. ओळखीच्या एका तंतुवाद्यवाल्या काकांकडे दुरुस्तीला आलेला जुना तानपुरा होता, मालक महिन्याभराने नेणार होता. वाजवू का विचारलं. क्लासातल्या पोराकडून व्हायोलिनचा गज मागून नेला होता. गज बघून काकांनी कपाळाला हात लावला.

गजाने तानपुरा वाजत नाही असं नाही, वाईट वाजतो. व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कमानीसारखी असते म्हणून एकेक तार वेगळी घासता येते. तानपुऱ्याची घोडी सपाट, गज टाकला की चारही तारा ओरडतात. फक्त कडेची खर्जाची तार तिरका गज धरून एकटी लागली. अर्धा तास घासून मिळालेला आवाज म्हणजे गंजलेलं दार. निम्म्या वेगाने लावून सप्तक खाली आणला, तेव्हा मोठं गंजलेलं दार झालं. दरम्यान एक तार तोडली. नवी तार आणि दोरा मिळून २५० रुपये. तानपुऱ्याचे काकांनी काही घेतले नाहीत.

मग काकांनीच वाद्य ओढून घेतलं आणि नवी तार चढवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावायला बसले. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो, तो केसभर इकडे-तिकडे सरकवत ते छेडत होते. दोरा जागेवर नसतो तेव्हा तार नुसती टण् करते, मुकी. जागेवर आला की एकाच तारेतून झंकाराचा झुबका उठतो.

म्हटलं, काका, हे उलटं कराल का? लागलेली जवारी छेडता छेडता हळूहळू काढायची.

"लागलेली जवारी काढायची? कशाला?"

फिल्म सांगितली. त्यांनी चार मिनिटं सलग छेडत दोरा इतक्या सावकाश सरकवला की समोर बसून मलाही बदल कळला नाही. सूर तोच, लय तीच. शेवटी ऐकलं तर वाद्यातला उजेड गेलेला. सुरुवातीची दहा सेकंदं आणि शेवटची दहा सेकंदं लागोपाठ लावली तर दोन वेगळी वाद्यं वाटतात. सलग ऐकणाऱ्याला फक्त कसंतरी होतं.

फिल्ममधलं सगळं संगीत म्हणजे ही चार मिनिटं. गजाच्या फाइली पुसून टाकल्या.

२६ जुलै

खाली धरून ठेवायला ४० हर्ट्झचा एक गुंगाट लावला होता. हेडफोनवर पोटात कालवतं. व्हॉट्सअॅपवर मित्राला पाठवलं, त्याचा निरोप: "कुठाय?" मोबाइलच्या स्पीकरमधून शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काही बाहेर पडत नाही, आणि आपली फिल्म बघणारे निम्मे लोक मोबाइलवरच बघणार. गुंगाटाची एक प्रत दोन सप्तक वर घेतली, थोडी फाडली, अगदी बारीक ठेवली. आता मोबाइलवरही काहीतरी आहे एवढं कळतं.

४ ते १० ऑगस्ट

काम बंद. कृष्णेचं पाणी चढत होतं, आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि दर दोन तासांनी सगळे आकडाच विचारत होते. दुकानातले सीपीयू माळ्यावर चढवले. धोक्यापर्यंत गेलं नाही. बेडूक जिथे रेकॉर्ड केले तो काठ पाण्याखाली होता.

१४ ऑगस्ट

भांडण. चौथ्या मिनिटाला मांजर उडी मारतं, खोटी भीती. मित्राला तिथेही तानपुरा हवा. मी म्हटलं, स्पीलबर्गच्या १९७५ च्या 'जॉज'मध्ये दोन पोरं शार्कचा पुठ्ठ्याचा पर पाण्यावर धरून लोकांना घाबरवतात, तिथे संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर वाजत नाहीत. खरा मासा असला तरच वाजतात. आपण मांजराखाली तानपुरा लावला तर बघणारा पुढे त्यावर विश्वास ठेवणार नाही. दीड तास गेला. मांजर सुकं राहिलं.

पैसे घालणाऱ्या मामांना शेवटी एक गाणं हवं होतं. यश चोप्रांच्या १९६९ च्या 'इत्तेफाक'मध्ये एकही गाणं नाही, असं सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणूनच मला आठवत नाही." पण सोडून दिलं.

२२ ऑगस्ट

रीपर, म्हणजे मी आवाज जुळवतो ते सॉफ्टवेअर, त्याची ६० दिवसांची चाचणी संपली, लायसन्स घेतलं, सगळं धरून ५,२०० रुपये.

संध्याकाळी मंडळाच्या पोरांनी डॉल्बीवर लावून दिलं. चूक. ४० हर्ट्झच्या गुंगाटाने शेजारच्या खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या आणि पडद्यावर आजी शांतपणे वाती वळत होती. हेडफोनवर मी तो किती वर ठेवला होता ते तिथे कळलं. नऊ डीबी खाली आणला.

३० ऑगस्ट

मंडळाच्या खोलीत दाखवली, तीस-बत्तीस माणसं, भिंतीवर चादर, दोन साधे स्पीकर. मी पडद्याकडे पाठ करून उभा होतो. बेडूक थांबले तेव्हा खोलीतला वेफर्सच्या पुड्यांचा आवाज थांबला. दाराजवळ बसलेल्या एका बाईंनी पडद्यावरून नजर काढून मागे वळून दार बघितलं. हळकुंडाच्या पावलाला एक पोरगं रडायला लागलं, त्याला बाहेर न्यावं लागलं.

नाटकवाले काका म्हणाले, तानपुरा वीस सेकंद लवकर सुरू होतो. बरोबर आहे, पण फाइल आता पुढे गेली. आठव्या मिनिटाला फ्रिजची घरघर एका ओळीखाली अजून आहे, तीही तशीच.

खर्च: रेकॉर्डर सहा दिवस ३,०००, लायसन्स ५,२००, पेट्रोल ९००, हळकुंडं ३६०, तार-दोरा २५०, फुगे ३०. एकूण ९,७४०. चपलेची जोडी धरली नाही, ती मी वापरतोय.

दोन किलो हळकुंडं डब्यात पडून आहेत. गिरणीवर न्यायची का, हे आईला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.